गुन्हेगारीशास्त्राच्या शिक्षणासाठी परदेशी जाताना

(सिल्लोड येथे पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सिल्लोडच्या रस्त्याने परदेशी अभ्यासक जातात, ही या गावाला नवी गोष्ट नाही. छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, जळगावकडे जाणारा हा रस्ता अजिंठ्याला पोहोचतो. १८१९ मध्ये तेथील लेणी एका इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली आणि तेव्हापासून चित्रकार, संशोधक, प्रवासी यांची ये-जा या मुलखात सुरू झाली. मेजर रॉबर्ट गिल यांनी तर चित्रांच्या प्रतिकृती काढण्यासाठी अजिंठा गावीच मुक्काम केला. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक यांनी, २०१९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, आयुष्याची पन्नासहून अधिक वर्षे या लेण्यांना वाहिली. त्यांचा प्रश्न मूळचा एकच होता. ही लेणी नेमक्या कोणत्या वर्षांत आणि कोणाच्या आश्रयाने कोरली गेली? त्यांचे उत्तर सर्वांना मान्य झाले असे नाही. परंतु त्या एका प्रश्नाने त्यांना जन्मभर येथे परत परत आणले.

आता याच रस्त्याने उलट दिशेने निघण्याची इच्छा बाळगणारी मुले-मुली या तालुक्यात आहेत. कापूस, मका आणि मिरची पिकवणाऱ्या घरांतील ही पिढी अभियांत्रिकी आणि वैद्यक यांच्या पलीकडचे विषयही विचारू लागली आहे. त्यांपैकी एक विषय गुन्हेगारीशास्त्राचा आणि न्यायव्यवस्थेच्या अभ्यासाचा. दूरचित्रवाणीवरील तपासकथांनी या विषयाभोवती एक वलय निर्माण केले आहे आणि परदेशी विद्यापीठांच्या जाहिराती ते वलय अधिक गडद करतात. म्हणून हा विषय काय आहे, तो परदेशी जाऊन शिकण्यात लाभ कोणता, आणि त्यासाठी घरची कोणती किंमत मोजावी लागते, याचा विचार निघण्यापूर्वीच झालेला बरा.

गुन्हेगारीशास्त्र म्हणजे तपासाचे तंत्र नव्हे. रक्ताचे डाग, बोटांचे ठसे, विष यांची परीक्षा करणारे ते न्यायसहायक विज्ञान. त्यासाठी रसायनशास्त्र वा जीवशास्त्राची बैठक लागते. गुन्हेगारीशास्त्र वेगळे प्रश्न विचारते. कोणत्या कृत्याला समाज गुन्हा म्हणतो आणि कोणत्या कृत्याकडे डोळेझाक करतो? माणूस गुन्ह्याकडे का वळतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो त्यातून बाहेर कसा पडतो? शिक्षेने नेमके काय साधते? इटलीतील बेकारिया यांनी १७६४ मध्ये क्रूर शिक्षांविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथापासून या विचाराची आधुनिक परंपरा मोजतात. पुढे १८७६ मध्ये लोंब्रोसो यांनी जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडली. कवटीच्या आणि जबड्याच्या मापांवरून गुन्हेगार ओळखता येतो, असा त्यांचा दावा होता. तो दावा पुढे शास्त्राने टाकून दिला. १९३९ मध्ये अमेरिकेच्या एडविन सदरलँड यांनी प्रतिष्ठितांच्या, पांढरपेशांच्या गुन्ह्यांकडे लक्ष वेधले, तेव्हा गरिबी आणि गुन्हा यांची घातलेली सोपी सांगड सैल झाली.

हा सगळा इतिहास युरोप-अमेरिकेतच घडला, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. बोटांच्या ठशांचे जगातील पहिले कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले. ठशांचे वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. लंडनच्या स्कॉटलंड यार्डने ती पद्धत १९०१ मध्ये, म्हणजे नंतर स्वीकारली.

ही झाली अभिमानाची बाजू. दुसरी बाजू महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असली पाहिजे. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. विशिष्ट जमातीत जन्म घेणे हाच जणू गुन्हा ठरला. नावनोंदणी, ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडताना परवाना आणि पुढे तारेच्या कुंपणातील वसाहती, अशी ती व्यवस्था होती. सोलापूर शहरात 'सेटलमेंट' हे नाव आजही त्या वसाहतीची आठवण जागी ठेवते. हा कायदा देशभरातून जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले. ३१ ऑगस्ट हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो तो त्यामुळे. जन्माने गुन्हेगार ठरवण्याची कल्पना एकीकडे विद्वानांच्या ग्रंथात आणि दुसरीकडे सरकारी कायद्यात एकाच काळात नांदत होती, हे लक्षात ठेवले म्हणजे या शास्त्राकडे पाहण्याची दृष्टी सावध होते. विमुक्त जमातींतील एखादा विद्यार्थी आज केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडमध्ये हा विषय शिकू शकतो. ज्या देशाच्या सत्तेने त्याच्या पणजोबांची हजेरी घेतली, तेथील अभिलेखागारात बसून तो त्या हजेरीचे कागद वाचू शकतो. याहून मोठा प्रबंधविषय क्वचितच सापडेल.

मग पहिला प्रश्न असा की, या शिक्षणासाठी परदेशीच जावे लागते काय? तसे मुळीच नाही. मुंबईत १९३६ मध्ये सुरू झालेले सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय, म्हणजेच आजची टाटा समाजविज्ञान संस्था, हे या विषयाचे आपल्याकडील जुने घर आहे. १९५१-५२ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीने वॉल्टर रेकलेस हे अमेरिकी गुन्हेगारीशास्त्रज्ञ भारतात आले, त्यांनी येथील तुरुंगांच्या कारभाराविषयी अहवाल दिला, आणि कारागृह अधिकाऱ्यांच्या शास्त्रीय प्रशिक्षणाला या संस्थेत चालना मिळाली. याच संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून पोलीस ठाणी, न्यायालये आणि कारागृहे यांत अडकलेल्या माणसांबरोबर काम करीत आहे. मध्य प्रदेशात सागर विद्यापीठात १९५९ पासून हा विषय आहे. मद्रास विद्यापीठ आणि धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ येथेही तो शिकवला जातो. घराजवळ पाहायचे तर छत्रपती संभाजीनगरला न्यायसहायक विज्ञानाची शासकीय संस्था आणि २०१७ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. ज्याला येथे पाय रोवायचा आहे त्याने आधी ही दारे ठोठवावीत. पदवीनंतर लगेच परदेशी धावण्यापेक्षा येथे पदव्युत्तर शिक्षण किंवा दोन वर्षांचा कामाचा अनुभव घेऊन गेलेला विद्यार्थी तेथे अधिक काही मिळवतो. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती तर असा दोन वर्षांचा अनुभव असल्याशिवाय मिळतच नाही.

तरीही जाण्यात अर्थ आहे, आणि तो कोणता हे आधी गेलेल्यांच्या चरित्रांतून दिसते. गुन्हेगारीशास्त्राचे स्वतंत्र विभाग निघण्याच्या कितीतरी आधी न्यायाचे शिक्षण घेण्यासाठी या मातीतून माणसे गेली होती.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या आणि पदवी परीक्षेत अव्वल ठरल्या. त्या यशावर इंग्लंडला जाण्याची शिष्यवृत्ती मिळावयाची. परंतु त्या स्त्री असल्यामुळे ती नाकारण्यात आली. काही इंग्रज हितचिंतकांनी पैसे उभे केले आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या. १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची पदव्युत्तर परीक्षा दिली. तेथे ही परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. पदवी मात्र हाती पडण्यास आणखी तीस वर्षे गेली, कारण स्त्रियांना पदवी देण्याची विद्यापीठाची तयारीच नव्हती. त्या दरम्यान त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९०४ पासून बंगालमधील पालकाधिकरणाच्या सल्लागार म्हणून त्यांनी पडद्याआडच्या विधवांच्या आणि अनाथ मुलांच्या मालमत्तेचे खटले हाताळले. अशा सहाशेहून अधिक जणांना त्यांनी मदत केली. पुरुष वकिलासमोर येऊ न शकणाऱ्या स्त्रीला न्याय कसा मिळणार, हा त्यांचा प्रश्न ऑक्सफर्डचा नव्हता. तो येथला होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. महिन्याला साडेअकरा पौंड आणि मुदत तीन वर्षे. कोलंबिया विद्यापीठातील एका चर्चासत्रात मे १९१६ मध्ये त्यांनी वाचलेला निबंध होता भारतातील जातींच्या उत्पत्तीविषयी. १९१६ मध्ये ते लंडनला आले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले, आणि शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतले. येथे सिडनेहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हात दिला, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. परतल्यावर सनद काढण्यासाठीही पैसे नव्हते. तेही भथेनांनीच दिले. १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरील बदनामीच्या खटल्यात त्यांनी पुण्याच्या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांचा बचाव केला आणि तो यशस्वी झाला. औरंगाबादेत १९५० मध्ये त्यांनी महाविद्यालय उभारले तेव्हा मराठवाड्याच्या मुलांना त्या शिदोरीचा वाटा मिळाला. या चरित्राचे पूजन पुष्कळ होते. त्यातील जमाखर्चाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही, आणि परदेशी निघणाऱ्याने आधी तोच पाहावा.

दोघांनीही तिकडे जाताना घरचा प्रश्न बरोबर नेला होता. परदेशी विद्यापीठ उत्तरे शोधण्याची साधने देते. प्रश्न मात्र ते देत नाही. दिलाच तर तो त्यांच्या देशाचा असतो. मग विद्यार्थी वर्षभर लंडनमधील सुरीहल्ल्यांवर वा शिकागोतील टोळ्यांवर निबंध लिहून परततो आणि हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहाविषयी त्याला दोन वाक्ये धड बोलता येत नाहीत.

सिल्लोड तालुक्यातील विद्यार्थ्याजवळ कोणता प्रश्न आहे? असे म्हणता येईल की, तो त्याच्या गावाच्या चावडीवर गेली अनेक वर्षे बसलेला आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्य शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ग्रामसभेतून समिती निवडावी, बांधाचे, वाटणीचे, विहिरीच्या पाण्याचे तंटे आणि कायद्याने तडजोड करता येण्याजोग्या फौजदारी तक्रारी गावातच सामोपचाराने मिटवाव्यात, आणि गाव तंटामुक्त ठरल्यास त्याला पुरस्कार मिळावा, अशी ती योजना. आज विशीत असलेल्या मुलांनी लहानपणी वेशीवर तंटामुक्त गावाची पाटी वाचलेली असते. आपण एका मोठ्या सामाजिक प्रयोगाच्या अंगणात वाढलो, याची त्यांना बहुधा जाणीव नसते.

आता हाच विद्यार्थी परदेशी विद्यापीठाच्या वर्गात जाऊन बसतो असे समजा. तेथे त्याला सांगतात की, १९७४ मध्ये कॅनडातील एल्मायरा या गावी दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. परिविक्षा अधिकाऱ्याने न्यायाधीशाला सुचवले की, या मुलांना ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या दारी नेऊ या. मुले घरोघर गेली, नुकसान मान्य केले, भरपाई केली. या घटनेपासून 'पुनःस्थापक न्याय' या नावाने एक चळवळ वाढली. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने अल्पवयीन मुलांच्या प्रकरणांत कुटुंबांची एकत्र बैठक बसवली. तिची प्रेरणा तेथील माओरी समाजाच्या रीतीत होती. नॉर्वेचे नील्स क्रिस्ती यांनी तर १९७७ मध्ये असे मांडले की, तंटा ही त्या दोन माणसांची मालमत्ता असते आणि राज्यसंस्थेने व वकिलांनी ती त्यांच्याकडून हिरावून घेतली आहे. वर्गातील इतर मुलांना हे नवीन वाटते. सिल्लोडच्या मुलाला वाटते, हे तर आमच्या गावच्या समितीसारखेच झाले.

पण थोडे थांबावे. त्याच वर्गात त्याला दुसरी एक गोष्ट शिकवतात. इंग्लंड-वेल्समध्ये १९८२ पासून घरोघर जाऊन विचारतात की, वर्षभरात तुमच्याबाबत कोणता गुन्हा घडला आणि तो तुम्ही पोलिसांना कळवला काय? या पाहणीतून दिसते की, घडलेले पुष्कळसे गुन्हे पोलिसांच्या वहीत येतच नाहीत. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी आकडे प्रसिद्ध करतो, ते नोंदलेल्या गुन्ह्यांचे असतात. नोंद न झालेल्यांचे नव्हेत. मग गावातील तक्रारींचा आकडा खाली आला तर तंटे कमी झाले, की तक्रारी कमी झाल्या? भाऊबंदांचा बांधाचा वाद समितीपुढे मिटला, ते चांगलेच झाले. तारखांचे हेलपाटे वाचले, वकिलाचा खर्च वाचला, पिढ्यान् पिढ्यांचे वैर निवळले. पण सासरी मार खाणाऱ्या सुनेची तक्रार त्याच चावडीवर, त्याच पुरुषमंडळींपुढे 'मिटली' असेल, तर ती कोणाच्या सोयीने मिटली? भूमिहीन मजुराने गावच्या मोठ्या शेतकऱ्याशी केलेल्या तडजोडीत त्याच्या संमतीचा भाग किती आणि भीतीचा किती?

जातपंचायतींचा अनुभव विसरण्याजोगा नाही. पंच म्हणजे परमेश्वर असे म्हणतच माणसांना वाळीत टाकले गेले, आणि म्हणून महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. २०१६ चा तो कायदा २०१७ मध्ये अमलात आला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय. तेव्हा गावाने केलेला न्याय चांगला की वाईट, याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. ते कोणत्या तंट्यात, कोणाकोणात, कोणाच्या समक्ष, हे पाहूनच द्यावे लागेल. हा प्रश्न घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला तेथील ग्रंथालय, पाहणीच्या पद्धती, मुलाखतीचे शास्त्र हे सारे उपयोगी पडेल. आणि त्याच्याजवळ असे काही असेल जे तेथील प्राध्यापकांजवळ नसते.

वर्गातील वातावरणाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. तेथे प्राध्यापकाला नावाने हाक मारतात. 'सर' म्हणण्याची सवय असलेल्या जिभेला हे जड जाते, पण ते जमते. अधिक जड जाते ते ग्रंथकाराशी मतभेद दाखवणे. आपल्या परीक्षांत पुस्तकातील उतारा नीट उतरवला की गुण मिळतात. तेथे तोच उतारा आधार न सांगता उतरवला तर वाङ्मयचौर्याची चौकशी होते. या एका कारणाने अनेक हुशार मुले पहिल्या सत्रात ठेचकाळतात. दुसरे असे की, कैद्यांची, पीडितांची वा अल्पवयीनांची मुलाखत घ्यावयाची तर विद्यापीठाच्या नैतिक मान्यता समितीची परवानगी लागते. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात ती मिळेपर्यंत अर्धे वर्ष सरते. भारतातील कारागृहात जायचे तर कारागृह विभागाची परवानगी आणखी वेगळी. म्हणून विषयाची निवड तिकडे पोहोचल्यावर करावयाची नसते.

परदेशी विद्यार्थ्याला आणखी एक मर्यादा येते, आणि जाहिरातीत ती सहसा दिसत नाही. पोलीस, तुरुंग, सरकारी अभियोग या ठिकाणी प्रशिक्षणार्थी म्हणून जाण्यासाठी पूर्वचारित्र्याची कडक तपासणी होते, आणि त्या देशात काही वर्षे वास्तव्य असल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. कायमच्या नोकऱ्यांचे तर नावच नको. बहुतेक देशांत त्या नागरिकांसाठी राखून ठेवलेल्या असतात. त्यामुळे संगणक शिकलेल्या मुलाला शिक्षणानंतर तेथे जसे काम मिळू शकते, तसे या विषयाच्या विद्यार्थ्याला सहजासहजी मिळत नाही. त्याचे अनुभवक्षेत्र म्हणजे मुख्यतः स्वयंसेवी संस्था आणि विद्यापीठातील संशोधन. 'तिकडे नोकरी करून कर्ज फेडू' या हिशेबावर ज्यांचे जाणे अवलंबून आहे, त्यांनी हा विषय निवडताना शंभरदा विचार करावा.

कर्जाचा विषय निघालाच आहे तर तो स्पष्ट बोलला पाहिजे. सार्वजनिक बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाख रुपयांवरील कर्जाला सामान्यतः तारण मागतात. शेतकऱ्याकडे तारण म्हणजे जमीन. परंतु २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँकेला जी थेट वसुली करता येते, ती शेतजमिनीला लागू नाही. त्यामुळे अशा कर्जासाठी शेतजमीन तारण घेण्यास बँका बहुधा तयार नसतात. मग बिगरशेती भूखंड नसलेले कुटुंब खासगी कर्जाकडे किंवा सावकाराकडे वळते. सावकाराकडे महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४ खालचा परवाना आहे की नाही, हेही कोणी पाहत नाही. एका वर्षाच्या पदवीपायी चार एकर रान गेल्यावर ती पदवी घरात कोणत्या तोंडाने टांगायची?

यास्तव शिष्यवृत्ती हाच या तालुक्यातील बहुसंख्य विद्यार्थ्यांचा खरा मार्ग आहे, आणि तो पूर्वीपेक्षा रुंद झाला आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे; तिच्या ७५ जागा आहेत. इतर मागास व विमुक्त-भटक्या प्रवर्गांसाठी, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी, अल्पसंख्याकांसाठी, खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. 'सारथी' संस्थेच्या योजनेला सयाजीराव गायकवाड महाराजांचे नाव आहे; ज्या राजाने १९१३ मध्ये आंबेडकरांना पाठवले त्याचेच हे नाव. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त व भटक्या जमातींसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहेत. वय ३५ च्या आत, पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत, या तिच्या मुख्य अटी.

या केंद्रीय योजनेबाबत एक सावधगिरी हवी. २०२२-२३ च्या मार्गदर्शक सूचनांपासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे संशोधनविषय योजनेबाहेर ठेवण्यात आले. त्यावर टीकाही झाली. विमुक्तांच्या इतिहासाचा किंवा तंटामुक्तीचा विषय घेऊन जाऊ इच्छिणाऱ्याला ही अट थेट आडवी येऊ शकते. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी चालू वर्षाच्या सूचना शब्दन् शब्द वाचाव्यात, आणि असा विषय असेल तर राज्याच्या योजना, चेव्हनिंग, राष्ट्रकुल किंवा फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीचा विचार करावा. निवड-प्रक्रिया लांबते, म्हणून वर्षभर आधी तयारी लागते. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र आणि पारपत्र ही तीन कागदपत्रे ऐनवेळी अनेकांचा घात करतात.

परतल्यावर काय? येथे भ्रम पुष्कळ आहेत. गुन्हेगारीशास्त्राची पदवी ही कायद्याची पदवी नव्हे. तिच्या आधारे वकिलीची सनद मिळत नाही. पोलीस उपनिरीक्षकाच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, परदेशी पदवीला तेथे अग्रक्रम नाही. ब्रिटनच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर पदवीला मान्यता मिळावी म्हणून जुलै २०२२ मध्ये दोन्ही देशांत करार झाला, आणि परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये नवे विनियम केले. अध्यापनाकडे वळणाऱ्याने ते पाहावेत. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत गुन्हेगारीशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे.

परंतु पदांची यादी संपली म्हणजे काम संपले असे नाही. भारतातील कारागृहांत दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन न्यायाधीन आहेत. म्हणजे त्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने प्रथमच गुन्ह्यात सापडलेल्या न्यायाधीन बंद्याला कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ कोठडीत काढल्यावर बंधपत्रावर सोडण्याची तरतूद केली आहे. अतिगंभीर गुन्हे तिच्यातून वगळलेले आहेत. त्याच दिवसापासून भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा प्रथमच आली. किरकोळ चोरी करणाऱ्याला तुरुंगाऐवजी समाजसेवा द्यावयाची, तर ती कोणती, कोणाच्या देखरेखीखाली, आणि ती त्याची विटंबना ठरणार नाही याची खबरदारी कशी घ्यावयाची? इतर देशांना अशा शिक्षेचा काही दशकांचा अनुभव आहे, यशाचा आणि फसगतीचाही. १९५८ च्या परिविक्षा कायद्याखालील अधिकाऱ्यांना, विधी सेवा प्राधिकरणाला, पैठणच्या खुल्या कारागृहासारख्या संस्थांना तो अनुभव समजावून सांगणारी शिकलेली माणसे हवी आहेत. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी गेले पाहिजे, अशीही नव्या संहितेची तरतूद आहे. विज्ञान शाखेच्या मुलांनी तिकडे लक्ष द्यावे.

परदेशी विद्यापीठे प्रवेशअर्जाबरोबर एक निवेदन मागतात. हा विषय का शिकावयाचा, ते विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत सांगावयाचे असते. हल्ली ही निवेदने पैसे देऊन लिहून घेतात, यंत्राकडूनही लिहवून घेतात, आणि ती सगळी एकसारखी दिसतात. बालपणापासून न्यायाची ओढ होती, असे प्रत्येकानेच लिहिलेले असते. त्याऐवजी काही दिवस सिल्लोडच्या न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसावे. फौजदारी न्यायालयाचे कामकाज कायद्याने सर्वांना खुले आहे. काही नाजूक प्रकरणे तेवढी बंद दारांआड चालतात. कोणाचा पुकारा झाला, कोणाला पुढची तारीख मिळाली, साक्षीदार आला की नाही, कोणाबरोबर वकील नव्हता, हे वहीत टिपून ठेवावे. मग आपल्या गावच्या तंटामुक्ती समितीची नोंदवही पाहावयास मागावी. ती मिळाली नाही, तर का मिळाली नाही तेही लिहून ठेवावे.